स्पाइक्स घातले की दुखणे परत येते : वाढत्या वयातील स्प्रिंटरचे बूट निवडताना काय तपासावे

हंगाम सुरू होतो, नवे स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले धावण्याचे बूट, येतात, पहिले दोन-तीन सराव उत्तम जातात, वेळही किंचित सुधारते आणि मग काही आठवड्यांतच पोटरी आवळल्यासारखी वाटू लागते किंवा नडगीच्या आतल्या कडेला ठणका सुरू होतो. विश्रांती घेतली की बरे वाटते, साध्या बुटांत पळताना विशेष त्रास होत नाही, पण स्पाइक्स पुन्हा पायात चढवले की तेच दुखणे त्याच जागी परत येते. बारा ते अठरा वर्षांच्या स्प्रिंटरांचे पालक आणि प्रशिक्षक जी तक्रार पुन्हा पुन्हा मांडतात, ती साधारण अशी असते. त्यावर बर्फ लावला जातो, आत जाड इनसोल घातले जाते, कंपनी बदलून पाहिली जाते आणि पुढच्या हंगामात सगळे पुन्हा पहिल्यापासून घडते, कारण यांपैकी कोणताही उपाय मूळ कारणापर्यंत पोहोचलेला नसतो.

या दुखण्यामागे वाईट बनावटीचा बूट क्वचित असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक वेळा बूट उत्तमच असतो, पण तो वेगळ्याच पायासाठी बनवलेला असतो. अव्वल स्प्रिंटर पूर्ण वेगात असताना त्याचे पाऊल एका वेळी सुमारे 0.1 सेकंद किंवा त्याहूनही कमी काळ जमिनीला टेकते आणि तेवढ्यात तो शरीराच्या वजनाच्या चार पटींहून अधिक बळ जमिनीवर लावतो. त्याच्या बुटाच्या तळातील कडक प्लेट त्या बळाला पुरेल इतकी ताठ ठेवलेली असते. चौदा वर्षांच्या मुलाचे किंवा मुलीचे पाऊल जमिनीवर जास्त वेळ राहते, त्याचे बळ कमी असते आणि पोटरीच्या स्नायूंना अजून पुरेशी ताकद आलेली नसते. असे पाऊल ती प्लेट वाकवूही शकत नाही आणि तिचा उपयोगही करून घेऊ शकत नाही, त्यामुळे न पेललेला भार पोटरी, नडगी किंवा टाच यांवर येतो.

तरीही सारा दोष प्लेटवर टाकून मोकळे होणे बरोबर नाही. मापात न बसणारा बूट, ट्रॅकला न जुळणारे खिळे आणि एकदम वाढवलेला वापर यांतूनही हीच लक्षणे दिसतात. म्हणून तपासणी क्रमाने करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बूट, खिळे आणि सरावाचा आराखडा एकाच आठवड्यात बदलला, तर दुखणे थांबले तरी ते कशामुळे थांबले हे कळत नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा अंदाजच बांधावे लागतात.

बुटाकडे वळण्यापूर्वी पाय

काही दुखणी बूट बदलून जाण्यासारखी नसतात आणि त्यांच्याबाबत प्रयोग करत बसण्यात धोका असतो. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी नेमकी जागा दुखत असेल, त्या पायावर एकदा लंगडी मारताच तीच जागा कळवळत असेल, वार्मअपनंतरही वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला गेलेल्या बारीक चिरेची, शक्यता धरून धावणे थांबवावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञांना दाखवावे. पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडे पुढे असलेल्या दुखण्याबाबत विशेष सावध राहावे, कारण तेथील नौकाकृती हाडाला गेलेली बारीक चीर साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही आणि स्प्रिंट व उड्या मारणाऱ्या खेळाडूंमध्ये ती आढळते. मुलींच्या बाबतीत मासिक पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सरावाच्या मानाने आहार कमी पडत असल्याचे ते लक्षण असू शकते आणि अशा स्थितीत हाडे लवकर दुखावतात.

आठ ते पंधरा या वयोगटात टाचेच्या मागच्या-खालच्या भागात दुखत असेल आणि टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर मूल दचकत असेल, तर टाचेच्या हाडाच्या वाढीच्या जागेला आलेली सूज हे त्यामागचे नेहमीचे कारण असते. उंची झपाट्याने वाढत असताना पोटरी आणि टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडाच्या वाढीला पुरी पडत नाहीत, त्यामुळे त्या जागेवर ओढ पडते. टाच जमिनीलगत ठेवणारे स्पाइक्स ही ओढ आणखी वाढवतात. अशा मुलाला काही काळ स्पाइक्स न देणे, हे सध्याच्या स्पाइक्समध्ये टाचेखाली काहीतरी ठेवून तेच चालू ठेवण्यापेक्षा कितीतरी चांगले आहे.

दुखण्याची जागा काय सांगते

गंभीर शक्यता बाजूला झाल्यावर दुखण्याची जागा नीट विचारून घ्यावी, कारण "पाय दुखतो" एवढ्या उत्तरावरून काहीच हाती लागत नाही. मुलाला खाली बसवून, बूट-मोजे काढून, बोटाने जागा दाखवायला सांगावे आणि दोन्ही पायांची तुलना करावी.

पोटरीचा खालचा भाग आणि टाचेमागची शीर दुखत असेल, तर टाचेची उंची आणि प्लेटचा ताठपणा या दोन्ही गोष्टी संशयाच्या घेऱ्यात येतात. सरावाच्या साध्या बुटांमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते, तर स्प्रिंट स्पाइक्समध्ये हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. खिळे ट्रॅकमध्ये पूर्ण रुतले नाहीत तर चवडा उलट वर उचलला जातो आणि टाच त्याच्याही खाली जाते. स्पाइक्स घालून उभे राहणे, चालणे, हलके जॉगिंग करणे या क्रियांमध्ये टाच खाली टेकते आणि शीर ताणलेली राहते. त्यामुळे दोन धावांच्या मधला वेळ स्पाइक्स घालूनच काढणाऱ्या मुलाच्या पोटरीवर, धावण्यात पडतो त्याच्या जोडीला, असा निष्कारण ताणही जमत जातो.

नडगीच्या आतल्या कडेला, हाताच्या चार बोटांएवढ्या पट्ट्यात पसरलेले दुखणे असेल, तर आधी सरावाचा हिशेब पाहावा, मग बूट. एकाच पायाची नडगी दुखत असेल, तर वळणावरचा सराव तपासावा. ट्रॅकवर नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने धावले जात असल्याने वळणावर डावा पाय आतल्या बाजूला राहतो आणि दोन्ही पायांवर वेगवेगळ्या प्रकारचा ताण पडतो. आतल्या लेनमध्ये, जिथे वळण सर्वांत तीव्र असते, ताठ स्पाइक्स घालून रोज 150 किंवा 200 मीटर पळवले, तर एका पायाने तक्रार करणे स्वाभाविक आहे. बूट बदलण्यापूर्वी बाहेरची लेन घेऊन आणि सरळ रेषेत पळवून पाहावे. तेवढ्याने फरक पडला, तर नव्या बुटांचा खर्च वाचतो.

अंगठ्याच्या बुडाखाली, चवड्याच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखे होत असेल, तर खिळ्याची खाच नेमकी त्या जागेखाली येत आहे का, हे बुटाच्या आत हात घालून चाचपावे. पातळ तळाच्या स्पाइक्समध्ये खिळा घट्ट पिळल्यावर त्याचा दाब थेट पायाला जाणवतो. तेथील लहान गोल हाडे सुजली तर बरी व्हायला बराच काळ लागतो, म्हणून ही तक्रार सुरुवातीलाच ऐकावी. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या बाजूने दुखत असेल, तर त्याचा अर्थ बहुधा वेगळा असतो, आणि तो प्लेटशी निगडित असल्याने पुढे घेतो. बोटांची टोके काळी पडणे, नखे दुखणे, पावलाच्या वर मुंग्या येणे या तक्रारी माप आणि नाडी यांच्या असतात.

प्लेटचा ताठपणा

स्प्रिंट स्पाइक्सच्या तळाशी चवड्यापासून, आणि पुष्कळ मॉडेलमध्ये थेट टाचेपर्यंत, एक कडक प्लेट असते. ती नायलॉन, टीपीयू, पेबॅक्स अशा प्लास्टिकची असते किंवा कार्बन फायबरची असते. पाऊल जमिनीवरून सुटताना बोटांच्या बुडाचा सांधा वाकतो, या वाकण्यात ऊर्जा खर्च होते आणि ती फारशी परत मिळत नाही. प्लेट ताठ असली की सांधा कमी वाकतो, ही गळती कमी होते आणि जमिनीवरचा दाब बोटांच्या दिशेने पुढे सरकतो. येथपर्यंत सारे फायद्याचे आहे. मात्र दाबाचा बिंदू पुढे सरकला की घोट्यापासूनचे त्याचे अंतर वाढते, तरफेचा हात लांबतो आणि तेवढ्याच बळाने जमीन ढकलण्यासाठी पोटरीला अधिक जोर लावावा लागतो. तो जोर असेल तर वेग मिळतो. तो नसेल तर टाच खाली बसते, पाऊल जमिनीवर अधिक काळ रेंगाळते आणि स्नायू व शीर यांची झीज तेवढी पदरी पडते. प्रौढ स्प्रिंटरांवर झालेल्या अभ्यासांतही ताठपणा वाढवल्याने सर्वांची वेळ सारखी सुधारली नाही, तर ज्याचा त्याचा अनुकूल ताठपणा वेगळा असल्याचे दिसले. अनुभवी खेळाडूंची ही स्थिती असेल, तर वाढत्या वयाच्या खेळाडूने सर्वांत ताठ बूट घ्यावा, या समजाला काही आधार उरत नाही.

ताठपणा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. बुटाची टाच एका हातात आणि टोक दुसऱ्या हातात धरून मध्यम जोर लावून तो वाकवावा. चवड्याच्या सर्वांत रुंद रेषेवर तो वाकला आणि सोडताच परत सरळ झाला, तर तो विकसनशील धावपटूसाठी विचारात घेण्याजोगा आहे. प्रौढ माणसाच्या हातांनीही तो जवळजवळ हलत नसेल, तर तो बाजूला ठेवावा. आणि तो पावलाच्या कमानीखाली, मधोमध मोडत असेल, तर तो एकतर फारच निकृष्ट आहे किंवा वापरून त्याची प्लेट तडकली आहे. दुसऱ्याचे वापरलेले स्पाइक्स घेताना ही शेवटची शक्यता हमखास तपासावी. वरचे कापड धडधाकट दिसते, पण प्लेटला गेलेली केसाएवढी चीर नजरेत येत नाही.

दुसरी परीक्षा पायात बूट घालून करायची असते. जाड रबरी मॅटवर उभे राहून, भिंतीला बोटे टेकवून, धावपटूने आधी अनवाणी आणि मग स्पाइक्स घालून एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच दहा वेळा वर-खाली करावी. मागून पाहताना टाच दोन्ही वेळा जवळजवळ सारख्याच उंचीवर गेली आणि सरळ वर गेली, तर ठीक. स्पाइक्समध्ये टाच अर्ध्यावर थांबत असेल किंवा पाऊल करंगळीच्या बाजूला कलंडत असेल, तर पायाला प्लेट जड जात आहे. कलंडण्याचे कारण असे की, अंगठ्याच्या रेषेवरून सुटण्यापेक्षा बाहेरच्या लहान बोटांच्या रेषेवरून सुटणे कमी जोराचे असते, म्हणून दमलेला किंवा कमकुवत पाय ती पळवाट शोधतो. पावलाच्या बाहेरच्या कडेचे दुखणे अनेकदा येथूनच सुरू होते आणि स्पाइक्सच्या करंगळीकडील खिळे लवकर झिजलेले दिसतात.

तिसरी परीक्षा धावण्याची आहे आणि तिच्यावर माझा सर्वाधिक विश्वास आहे. वीस-तीस मीटरची सुरुवात घेऊन पुढचे 20 मीटर पूर्ण वेगाने धावायचे, आलटून पालटून साधे बूट आणि स्पाइक्स, किंवा दोन वेगळे स्पाइक्स, प्रत्येकी तीन वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती, आणि बाजूने मोबाईलवर संथगती चित्रण. वेळ जमल्यास फोटोसेलने, म्हणजे धावपटू प्रकाशकिरण ओलांडताच वेळ नोंदवणाऱ्या यंत्राने, मोजावी, न जमल्यास चित्रणातील फ्रेम मोजाव्यात, कारण हाताच्या स्टॉपवॉचची चूक एवढ्या छोट्या अंतरात फरकापेक्षा मोठी ठरते. चित्रणात पाऊल टेकल्यावर टाच किती खाली बसते ते पाहावे. ताठ बुटात वेळ सुधारलेली नसेल आणि टाच अधिक खाली जात असेल, तर तो बूट त्या मुलासाठी आज उपयोगाचा नाही, भले त्याची जाहिरात काहीही म्हणो.

प्लेट कशाची बनली आहे, यावरून मात्र निवड करू नये. पातळ कार्बन प्लेटपेक्षा जाड प्लास्टिकची प्लेट अधिक ताठ असू शकते, आणि पुढच्या टोकाला दिलेले वळण फार वर गेले असेल तर मऊ प्लेटसुद्धा पोटरीला खेचते. पहिल्या एक-दोन हंगामांसाठी चवड्यापुरती किंवा सहज वाकणारी प्लेट, टाचेखाली थोडा फोम आणि बदलता येणारे खिळे असलेला जोड घ्यावा. बहुतेक कंपन्यांकडे असे सर्व प्रकारांना चालणारे किंवा नवोदितांसाठीचे मॉडेल असते. त्याचे वजन काही ग्रॅम जास्त भरते आणि त्या वयात त्याने निकाल बदलत नाही. उलट पोटरी शाबूत ठेवून वर्षभर सलग झालेला सराव निकाल नक्की बदलतो.

जाड फोम आणि कार्बन प्लेट एकत्र असलेल्या नव्या पिढीच्या स्पाइक्सबद्दलही विचारणा होते. 1 नोव्हेंबर 2024 पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार ट्रॅकवरील धावण्याच्या सर्व शर्यतींसाठी तळाची जाडी 20 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पण नियमात बसणे आणि पायाला मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोम जितका जाड, तितका पाय जमिनीपासून उंच आणि घोट्याला डोलण्याची संधी अधिक, विशेषतः वळणावर. ज्याचा घोटा एका पायावर उभे राहिल्यावरही थरथरतो, त्याला असे बूट देण्याची घाई करू नये.

माप : वाढत्या पायाचा प्रश्न

मुलाचा पाय वाढतोय म्हणून एक माप मोठे घेण्याची पद्धत साध्या बुटांत निभावून जाते, स्पाइक्समध्ये ती अंगाशी येते. बूट मोठा झाला की प्लेटची वाकण्याची रेषा बोटांच्या सांध्याच्या पुढे जाते, म्हणजे सांधा एका जागी वाकू पाहतो आणि बूट दुसऱ्या जागी. लवचीक प्लेटसुद्धा अशा वेळी ताठ प्लेटसारखी वागते. शिवाय पाय आत पुढे-मागे सरकतो, तो धरून ठेवण्यासाठी बोटे आत वळवली जातात आणि नडगीचे स्नायू विनाकारण राबतात. उलट, स्पर्धेत बूट आवळ हवा म्हणून बोटे दुमडतील इतका लहान बूट देणारेही आहेत आणि त्यातून नखे काळी पडणे, बोटांवर घट्टे येणे आणि अंगठ्याचा सांधा दुखणे हे सुरू होते.

माप संध्याकाळी, उभे राहून, दोन्ही पायांचे घ्यावे आणि मोठ्या पायाप्रमाणे निवड करावी. कागदावर पायाची बाह्यरेषा काढून त्यावर बूट ठेवला, तर लांबीपेक्षाही रुंदीतला फरक चटकन दिसतो. स्प्रिंट स्पाइक्स साचा अरुंद ठेवून बनवलेले असतात आणि रुंद चवड्याच्या मुलांसाठी लांबी वाढवणे हा उपाय नसून दुसऱ्या साच्याचा बूट शोधणे हा उपाय आहे. उभे असताना बोटे सपाट पसरलेली असावीत, सर्वांत लांब बोटापुढे जेमतेम काही मिलिमीटर जागा असावी, आणि चवड्यावर उभे राहून टाच उचलली तर ती बुटातून निसटू नये. ज्या मोज्यांत, किंवा मोज्यांशिवाय, धावायचे आहे तसेच घालून पाहावे. वाढीच्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी बोटाने चाचपून माप पुन्हा पाहावे, कारण मुले बूट लहान झाल्याचे आपणहून सांगत नाहीत. आवडते स्पाइक्स काढून घेतले जातील, ही भीती त्यांना असते.

पावलाच्या वर मुंग्या येत असतील, तर दुखऱ्या जागेवरचे एक भोक सोडून नाडी ओवावी. एवढ्याने बहुतेक वेळा काम होते.

खिळे आणि ट्रॅक

बूट बरोबर असूनही दुखत असेल, तर तो उलटा करून पाहावा. जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमांनुसार एका बुटाला जास्तीत जास्त 11 खिळे चालतात. सिंथेटिक ट्रॅकवर तळाबाहेर येणारा खिळा 9 मिलिमीटरपेक्षा लांब नसावा लागतो, उंच उडी आणि भालाफेक यांना 12 मिलिमीटरपर्यंत मुभा आहे, आणि मातीसारख्या पृष्ठभागावर ही मर्यादा 25 मिलिमीटर आहे. या कमाल मर्यादा आहेत. अनेक मैदानांचे व्यवस्थापन याहून आखूड खिळे मागते, म्हणून स्पर्धेपूर्वी विचारून घ्यावे. नियमांची ही काटेकोर रीत जुनी आहे. 1968 मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत, इको समिट येथे, जॉन कार्लोस यांनी 200 मीटर 19.92 सेकंदांत पूर्ण केले होते, पण बारीक सुयांचा ब्रशसारखा तळ असलेल्या बुटांमुळे तो विश्वविक्रम म्हणून मान्य झाला नाही.

सिंथेटिक ट्रॅक साधारण 13 मिलिमीटर जाडीचा असतो आणि पकडीसाठी 5 ते 7 मिलिमीटरचे खिळे विकसनशील धावपटूला पुरतात. लांब खिळा खोल रुततो, पाऊल सुटायला उशीर होतो आणि वळणावर पाऊल फिरायच्या वेळी जमिनीत अडकून राहिल्याने घोटा व गुडघा पिळला जातो. टणक झालेल्या जुन्या ट्रॅकवर उलटेच होते. लांब खिळे आत जात नाहीत, मूल खिळ्यांच्या टोकांवर उभे राहिल्यासारखे धावते आणि नडग्या भरून येतात. अशा ट्रॅकवर सर्वांत आखूड खिळे लावावेत आणि स्पाइक्समधला एकूण सराव निम्म्यावर आणावा. मातीच्या ट्रॅकवर 9 ते 12 मिलिमीटर लागू शकतात, पण पाऊस झाल्यावर लावलेले लांब खिळे माती वाळल्यावर तसेच राहतात आणि आठवड्याभराने दुखणे आले की दोष बुटाला दिला जातो.

एखादी खाच रिकामी असणे, काही खिळे नवे आणि काही झिजलेले असणे, डाव्या-उजव्या बुटांत वेगळ्या लांबीचे खिळे असणे या बाबी क्षुल्लक वाटतात, पण पाऊल त्यामुळे प्रत्येक वेळी एका बाजूला झुकते. खिळे संचाने बदलावेत. आट्यांना थोडे ग्रीस लावून ते चावीने बेताचे घट्ट करावेत आणि हंगाम संपल्यावर काढून ठेवावेत, म्हणजे गंजून रुतत नाहीत. ज्या मॉडेलचे खिळे कायमचे बसवलेले असतात, ते या वयात शक्यतो घेऊ नयेत.

बूट योग्य आहे, तरीही दुखते

असे असेल तर स्पाइक्समधल्या सरावाची मात्रा पाहावी. पायातल्या शिरा स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात, म्हणून मुलाला दम असतो, उत्साह असतो, पण शीर मागे राहिलेली असते. स्पाइक्समध्ये धावलेले मीटर वहीत वेगळे लिहावेत. पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, सरळ रेषेत, 50-60 मीटरच्या तीन-चार धावा, त्याही पूर्ण वेगाच्या आत, एवढेच पुरे. नंतर 20-30 मीटरच्या वेगवाढीच्या धावा, मग स्टार्टिंग ब्लॉकमधून सुरुवात, त्यानंतर वळण, आणि सर्वांत शेवटी थकव्यात धावायचे लांब अंतर, असा क्रम ठेवावा. थकलेल्या पायावर ताठ प्लेट सर्वांत जास्त भारी पडते, म्हणून लांब अंतर शेवटी. स्पाइक्सच्या दोन सरावांत किमान 48 तासांचे अंतर ठेवावे, वार्मअप साध्या बुटांत करावा आणि प्रत्येक धावेनंतर बूट काढावेत. हे शेवटचे कंटाळवाणे वाटते, पण पोटरीच्या तक्रारीत याचा उपयोग फार होतो.

स्नायूंचे दुखणे दहापैकी तीनपर्यंत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण गेलेले असेल, तर आहे त्या मात्रेवर एक आठवडा थांबावे. सकाळी पहिली पावले टाकताना टाचेमागची शीर आखडत असेल, तर एक पायरी खाली यावे. सोबत एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच उंचावण्याचा व्यायाम, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, तसेच पायांच्या बोटांनी जमीन धरण्याचे व्यायाम आणि गवतावर अनवाणी हलक्या उड्या वर्षभर चालू ठेवाव्यात. इनसोल त्यांची जागा घेऊ शकत नाही.

400 मीटर धावणाऱ्याने 100 मीटरच्या सहकाऱ्याचे बूट पाहून निवड करू नये. शेवटच्या 100 मीटरमध्ये टाच खाली येतेच आणि तेव्हा टाचेखाली थोडा आधार असलेला, किंचित लवचीक बूट अधिक साथ देतो. अडथळ्यांच्या शर्यतीत उतरताना एकाच पायावर आदळ बसतो, म्हणून तेथेही पहिला जोड मऊ बाजूचाच असावा.

अधिक ताठ जोड कधी घ्यावा

सध्याच्या लवचीक स्पाइक्समध्ये एक पूर्ण हंगाम वर सांगितलेल्या तक्रारींशिवाय गेला असेल, दोन्ही पायांवर स्वतंत्रपणे टाच पूर्ण उंच नेत वीसेक वेळा चवड्यावर उठता येत असेल, उंचीच्या झपाट्याने वाढीचा काळ ओसरला असेल आणि चित्रणात पूर्ण वेगातही टाच उंच टिकत असेल, तर पुढच्या पायरीचा जोड वापरून पाहावा. जुना जोड लगेच टाकून देऊ नये. नव्यात पहिले काही आठवडे फक्त सरळ रेषेतील छोट्या धावा कराव्यात, वळण आणि लांब अंतर जुन्यात चालू ठेवावे, आणि 20 मीटरची तीच चाचणी दोन्ही जोडांत घ्यावी. नव्यात वेळ सुधारली आणि सकाळी शीर मोकळी राहिली, तर हळूहळू बाकीचा सराव त्यात आणावा. वेळ तीच राहिली, तर तो जोड पुढच्या हंगामापर्यंत, माप बदलले नसेल तर, तसाच ठेवून द्यावा.